जुना ट्रॅक्टर लोडला दम का सोडतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टॅफेचा मॅसी १०३५, महिंद्रा बी-२७५, एचएमटी २५११, फोर्ड ३६००. आमच्या भागात हे ट्रॅक्टर अजून रोज शेतावर जातात, आणि त्यांचे मालक एकच तक्रार घेऊन येतात: "रिकामा झकास चालतो, लोड दिला की बसतो." बहुतेक वेळा त्यांना आधीच कुणीतरी सांगितलेलं असतं की पंप, म्हणजे दाबाने डिझेल देणारा इंजेक्शन पंप, गेला. पंप खोलायच्या आधी काय काय बघायचं, ते इथे लिहिलंय. उदाहरणं मुख्यतः मॅसी १०३५ च्या तीन सिलेंडरच्या इंजिनाची आहेत, कारण माझे हात त्यावरच जास्त काळे झालेत. मूळ इंग्लंडातल्या पर्किन्सचं ३.१५२, म्हणजे १५२ घन इंचाचं, अडीच लिटरचं इंजिन. मॅसी फर्ग्युसनने १९५९ मध्ये पर्किन्स कंपनी घेतली आणि आपल्याकडे ते चेन्नईच्या सिम्पसनमध्ये बनू लागलं. बाकीच्या जुन्या डिझेल ट्रॅक्टरांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

रिकामा असताना काहीच दोष दिसत नाही, मग नांगर टाकल्यावरच का बसतो?

रिकाम्या इंजिनाला डिझेल अगदी थोडं लागतं. फिल्टर अर्धा चोंदलेला असो, एअर क्लीनर मातीने भरलेला असो, तेवढ्यावर ते भागवून नेतं. नांगर जमिनीत घुसला की इंजिनाचे फेरे कमी व्हायला लागतात. गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचे फेरे सांभाळणारा भाग, ते ओळखतो आणि पंपाला जास्त डिझेल सोडायला लावतो. आता डिझेल काही पटीने जास्त लागतं आणि ते पूर्ण जळायला हवाही पुरेशी लागते. या दोन्हींपैकी जे कमी पडेल तिथे इंजिन अडतं.

म्हणून उभ्या ट्रॅक्टरला रेस देऊन "आवाज चांगला येतोय की" म्हणण्यात अर्थ नाही. दोष शोधायचा तर लोडवर शोधायचा: नांगर खोल घालून किंवा भरलेल्या ट्रॉलीने चढाला. दोन माणसं हवीत, एक स्टिअरिंगवर आणि एक बाजूला सुरक्षित अंतरावर, नजर सायलेन्सरच्या तोंडावर.

सायलेन्सरच्या तोंडावर काय बघायचं?

धुराचा रंग. पहिला प्रश्न मी नेहमी हाच विचारतो, आणि निम्म्या लोकांनी ते पाहिलेलंच नसतं.

लोडला बसतोय आणि धूर जवळजवळ नाहीच: डिझेल कमी पोचतंय. टाकी, पाईप, फिल्टर, फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून पुढे देणारा), एअर (पाईपात शिरलेली हवा), नाहीतर स्टॉपची, म्हणजे इंजिन बंद करायची केबल. हा सगळा स्वस्तातला भाग आहे.

लोडला बसतोय आणि काळा धूर ओकतोय: डिझेल पोचतंय, पण जळत नाही. हवा कमी आहे, नोझल (सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारं तोंड) थेंब गाळतंय, किंवा कुणीतरी पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवून ठेवलंय.

पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर: डिझेल न जळताच बाहेर पडतंय. पंपाचं टायमिंग (डिझेल सोडायची वेळ) मागे पडलंय किंवा एखाद्या सिलेंडरचं कॉम्प्रेशन (आतल्या हवेचा दाब) गेलंय. थंडीत सकाळी चालू केल्यावर पहिली दोन मिनिटं असा धूर आला तर घाबरू नका.

निळा धूर: इंजिन ऑईल जळतंय. रिंगा, व्हॉल्व्ह गाईड, किंवा ऑईल बाथ एअर क्लीनरमध्ये खुणेच्या वर ऑईल ओतलंय.

जोराचा लोड घेताना हलकी काळसर छटा दिसणं जुन्या इंजिनाला चालतं. मागचं दिसेनासं होईल इतका काळा धूर चालत नाही.

धूर नाही. वीस-पंचवीस मिनिटं चांगला चालतो, मग गळपटतो. बंद करून चहा पिऊन आलं की पुन्हा चालतो. हा काय प्रकार?

टाकीचं झाकण सैल करा. "फुस्स" करून हवा आत ओढल्याचा आवाज आला तर दोष हातात सापडला. झाकणाला हवा जायला बारीक भोक असतं. ते बुजलं की डिझेल जसं कमी होईल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि डिझेल खाली उतरायचं थांबतं. तुम्ही चहाला गेलात की तेवढ्या वेळात हवा हळूहळू आत शिरते.

गेल्या पावसाळ्यानंतर एक १०३५ माझ्याकडे आला. दोन ठिकाणी दाखवून झालेला, फिल्टर नवे, नोझल नवे, पंपही एकदा उतरवून बसवलेला. झाकण उलटं करून उजेडात धरलं तर आतल्या बाजूला कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं, हरभऱ्याएवढं. ओढणीच्या पिनने ते काढलं, झाकण डिझेलने धुतलं आणि त्याच दुपारी तो माणूस दोन फाळी नांगर घेऊन कामाला लागला. आधीच्या कामांचे पैसे आठवून त्याचे डोळे भरून आले होते. मला त्या दिवसापासून वाटतं की हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं.

झाकण ठीक असेल तर टाकीच्या तळाची जाळी बघा. जुन्या टाकीत गंज, गाळ आणि पाणी साचतं. लोडला डिझेलचा ओढा वाढला की गाळ जाळीवर येऊन बसतो, इंजिन बंद केलं की खाली पडतो. लक्षणं अगदी झाकणासारखीच. टाकी उतरवून धुवायला अर्धा दिवस जातो, पण पाच वर्षांत कधी धुतली नसेल तर धुवाच.

टाकी-पाईपचा दोष आहे की पुढचा, हे एकदाच कसं ठरवायचं?

पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्या. त्यात गाळलेलं डिझेल भरा, कॅन इंजिनापेक्षा उंचावर घट्ट बांधा आणि पारदर्शक नळीने थेट पहिल्या फिल्टरच्या इनलेटला जोडा. टाकी आणि फीड पंप दोन्ही बाजूला पडले. फीड पंपाची सुटी तोंडं स्वच्छ टोप्यांनी बुजवा. एअर काढा (क्रम पुढच्या उत्तरात आहे) आणि थोडा वेळ लोडवर चालवा. कॅन आणि नळी सायलेन्सरच्या आसपास नको.

ट्रॅक्टर पूर्वीसारखा ओढायला लागला तर फिल्टर, पंप आणि नोझल यांना हात लावायची गरज नाही; दोष मागे आहे. काहीच फरक पडला नाही तर पुढे शोधा. या एका तपासणीने जेवढे पैसे वाचतात तेवढे दुसऱ्या कशाने वाचत नाहीत, आणि कुणी ती करायला सांगत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

"एअर धरतोय" म्हणजे नेमकं काय? गळती तर कुठेच दिसत नाही.

टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या पाईपमध्ये डिझेल ओढलं जातं. तिथे जोड सैल असेल तर बाहेर थेंब येत नाही, उलट हवा आत जाते. म्हणून गळती दिसत नाही. पंपाला हवा आणि डिझेल मिसळून मिळतं, इंजिन मिसिंग मारतं आणि लोडला ढेपाळतं.

बघायची जागा: डिझेलमधलं पाणी-गाळ साचणाऱ्या काचेच्या वाटीचं रबर, बॅन्जो बोल्टचे (पाईप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वायसर, आणि रबरी पाईप, जो क्लिपखाली बारीक चिरलेला असतो. वायसर जुनाच परत लावायचा असेल तर लाल करून पाण्यात टाका, तांबं मऊ पडतं आणि पुन्हा बसतं. नवा मिळत असेल तर नवाच लावा.

एअर काढताना क्रम चुकवू नका. आधी फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू सैल करून फीड पंपाची दांडी मारत राहा. फेस संपून सलग डिझेल आलं की आवळा. मग इंजेक्शन पंपावरचे एअर स्क्रू, खालचा आधी, वरचा नंतर. शेवटी नोझलच्या पाईपचे नट अर्धा फेरा सैल करून स्टार्टर मारा. दांडी मारताना काहीच जोर लागत नसेल तर फीड पंप खराब आहे असं लगेच समजू नका. फीड पंपाला ढकलणाऱ्या कॅमचा उंचवटा नेमका वर आलेला असतो. इंजिन थोडं फिरवा, दांडीला जोर येईल.

फीड पंप खराब झाला हे कशावरून ओळखायचं?

पडदा फाटला की दोन गोष्टी होतात. डिझेल पुढे कमी जातं आणि इंजिन ऑईलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढा. ऑईलची पातळी न ओतता वाढली असेल आणि वास डिझेलचा येत असेल तर ट्रॅक्टर तिथेच बंद करा. पातळ झालेल्या ऑईलवर बेअरिंगं जातात, आणि पातळी फार वाढली तर इंजिन तेच ऑईल ओढून आपोआप रेस घेतं, बंद करता येत नाही. पडदा बदला, ऑईल आणि ऑईल फिल्टरही बदला.

फिल्टर किती दिवसांनी बदलायचे?

मॅन्युअलमध्ये तास दिलेत, ते पाळा. दोन फिल्टर असतात, पहिला कापडी आणि दुसरा कागदी. कापडी धुवून वापरणारे बरेच आहेत. कागदी मात्र धुवायचा नाही, हवा मारायची नाही. फुंकलेला कागद डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी फाटतो आणि मग माती थेट पंपात जाते.

काळा धूर येतोय. सुरुवात कुठून?

एअर क्लीनरपासून. जुन्या ट्रॅक्टरांना ऑईल बाथ क्लीनर असतो, खाली ऑईलची वाटी आणि वर तारेची जाळी. रोटाव्हेटर किंवा मळणीयंत्राच्या धुळीत वाटी रोज सोडून बघायला हवी. बोट बुडवा. तळाला लापशीसारखा गाळ लागला तर ऑईल बदला. वरची जाळी वर्षानुवर्षं कुणी धुतलेली नसते, ती डिझेलमध्ये भिजत घालून धुवा आणि पूर्ण निथळू द्या.

मग क्लीनरपासून मॅनिफोल्डपर्यंतचा रबरी होज. बाहेरून तो ठणठणीत दिसतो, पण आतला थर सुटलेला असतो. रिकाम्या रेसला काही होत नाही. लोडला हवेचा ओढा वाढला की तो थर आत कोसळतो आणि वाट बंद करतो. होज काढून आत टॉर्च मारा आणि बोट फिरवा. फोड हाताला लागतो.

बाहेर जायची वाटही बघा. सायलेन्सरच्या आतले पत्रे सुटून आडवे होतात, काजळीने भोक अर्धं होतं. सायलेन्सर उतरवून हलवा. आत खुळखुळ वाजलं तर तो बदला.

नोझल खराब आहे की नाही हे घरी कळतं का?

कुठला सिलेंडर कमजोर आहे एवढं कळतं. इंजिन कमी रेसला ठेवा आणि एकेका नोझलच्या पाईपचा नट थोडा सैल करा. चांगल्या सिलेंडरचा नट सैल केला की आवाज लगेच बदलतो, तीन सिलेंडरच्या इंजिनाला तर झटकाच बसतो. ज्याचा नट सैल करून काही फरक पडत नाही, तो सिलेंडर काम करत नाहीये. नट लगेच आवळा.

हे करताना चिंधी धरा, चष्मा लावा आणि डिझेलच्या फवाऱ्यासमोर हात कधीही नेऊ नका. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं. वर फक्त टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही नाही, आणि आत बोट सडायला लागतं. असं झालं तर दुखण्याची वाट न बघता त्याच तासाला दवाखाना गाठा आणि "दाबाचं डिझेल आत गेलंय" असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

नोझलचा दाब आणि फवारा मात्र टेस्टरवरच कळतो. उभं राहून बघा: धुक्यासारखा फवारा हवा, पिचकारीसारखी धार नको, आणि शेवटी टोकाला थेंब लटकायला नको. परत बसवताना जुना तांब्याचा वायसर भोकातच चिकटून राहिलेला नाही ना, हे वाकून बघा. त्यावर नवा वायसर टाकला की नोझल वर राहतं, फवारा चुकीच्या जागी पडतो, आणि नवीन नोझल टाकूनही ट्रॅक्टर काळा धूर मारतो. हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय.

टॅपेटचा आणि ओढीचा संबंध आहे?

आहे. टॅपेटचा गॅप म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट. ती कमी झाली तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं. जास्त झाली तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडत नाही. पर्किन्स ३.१५२ ला गार इंजिनावर ०.३० मिमी, गरमवर ०.२५ मिमी. हेड काढून बसवलं असेल तर थोडं चालवून हेड पुन्हा आवळतात, त्यानंतर टॅपेट परत बघायलाच लागतात.

रेसची दांडी पूर्ण ओढली तरी पूर्वीसारखा आवाज येत नाही.

बॉनेट उघडा, एकाला दांडी ओढायला लावा आणि तुम्ही पंपाकडे बघा. पंपावरचा लिव्हर शेवटच्या स्क्रूला टेकतोय का? सांधे झिजले की दांडी पूर्ण येते आणि लिव्हर पाऊण वाटेवर थांबतो.

त्याच्या शेजारी स्टॉपची केबल असते. ती गंजून आखडली की बटण आत जातं पण पंपावरचा स्टॉप लिव्हर पूर्ण मागे येत नाही. मग पंप कायम अर्धवट बंद राहतो: रिकामा चालतो, लोडला मरतो, धूर नाही. केबल सोडून लिव्हर हाताने मागे ढकलून बघा. एक मिनिटाचं काम आहे.

दोष इंजिनातच आहे हे कशावरून?

चांगला प्रश्न. लोडला इंजिनाचे आरपीएम पडले तर इंजिन. आरपीएम चढले आणि ट्रॅक्टर मात्र हळू झाला तर क्लच प्लेट घसरतेय. ब्रेक आवळलेले असतील तरी ओढ कमी वाटते. थोडं चालवून दोन्ही ड्रमना हात जवळ नेऊन बघा, एक बाजू भाजण्याइतकी तापलेली असेल.

अवजारही बघा. पस्तीस एचपीच्या जुन्या ट्रॅक्टरला शेजाऱ्याच्या पन्नास एचपीचा रोटाव्हेटर जोडून ओल्या काळ्या मातीत घातला तर तो बसणारच. त्यात त्याचा दोष नाही.

गार असताना ओढतो, तापल्यावर ओढ जाते. बंद केला तर लवकर चालूही होत नाही.

आधी रेडिएटर. उसाच्या पाचटाने आणि धुळीने जाळी बुजते, बोअरच्या जड पाण्याने आत खार धरतो. इंजिन तापत नसेल आणि तरी हा त्रास असेल, तर इंजेक्शन पंपावर संशय घेण्यासारखं हे पहिलं खरं लक्षण. तापलं की डिझेल पातळ होतं, आणि झिजलेल्या रोटरी पंपात ते आतल्या आत निसटतं, दाब तयार होत नाही. इंजिन बंद असताना ओला गार कपडा पंपावर काही वेळ ठेवा. त्यानंतर लगेच चालू झालं तर पंप झिजलाय. चालू इंजिनाच्या गरम पंपावर पाणी ओतू नका. आतली फट इतकी बारीक असते की पंप जागेवर जाम होईल.

डिझेलमध्ये रॉकेल किंवा ऑईल मिसळलं तर पंप जास्त टिकतो का?

रॉकेल अजिबात नको. रोटरी पंपाला डिझेलशिवाय दुसरं वंगण नसतं आणि रॉकेलला वंगण फार कमी. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल मिळतं, त्यात गंधक फार कमी असतं म्हणून जुने पंप जातात असं लोक म्हणतात. पण कमी झालेलं वंगण भरून काढायला त्यात रसायन घातलेलं असतं. पंप मारतं ते पाणी आणि माती. कॅनमधलं डिझेल टाकीत ओतताना गाळून ओता आणि डिझेलच्या काचेच्या वाटीतलं पाणी दर आठवड्याला सोडा.

सगळं पाहिलं. तरी ओढ नाही. आता इंजिन खोलायचं?

ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा पाईप बघा. लोडवर त्यातून भकाभका धूर येत असेल, ऑईल खात असेल, सकाळी चालू व्हायला बराच वेळ स्टार्टर मारायला लागत असेल, तर रिंगा आणि लायनर संपलेत. कॉम्प्रेशन गेजने मोजून मगच खोला. ब्रीदर शांत असेल आणि फक्त एकच सिलेंडर कमजोर असेल, तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट आधी संशयात घ्या.

पंप काढायचाच ठरलाय. काय काळजी घ्यायची?

काढायच्या आधी पंपाच्या फ्लँजवर आणि इंजिनावर मिळून एक रेघ कोरलेली आहे का बघा. नसेल तर तीक्ष्ण टोकाने कोरा. तीच तुमची टायमिंगची खूण. परत बसवताना पंप दोन-तीन मिलिमीटर जरी फिरला तरी ट्रॅक्टर एकतर ठोकायला लागतो किंवा पांढरा धूर मारतो, आणि दोष पंपवाल्याच्या नावावर जातो. सगळी तोंडं लगेच प्लॅस्टिकच्या टोप्यांनी बंद करा. तिथे चिंधी कोंबू नका, तिचे धागे आत जातात.

पंप टेस्ट बेंचवर लावून दुरुस्तीच्या आधीचे आणि नंतरचे आकडे लिहून मागा. "डिझेल थोडं वाढवून देतो, ओढ येईल" असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. धुरासकट चार दिवस ओढ येते आणि मग पिस्टनचं डोकं वितळतं. सील लावूनच पंप ताब्यात घ्या. आणि तो बसवायच्या आधी टाकी धुतलेली, दोन्ही फिल्टर नवे आणि पाईप फुंकून साफ केलेले असू द्या, कारण ज्या मातीने पहिला पंप घासला ती अजून तिथेच असते.